दोन टाक्यांचा एकच पत्ता

आठ टाक्या, आठ उपकरणं आणि त्यांना जोडणाऱ्या तारा मात्र दोनच! बकुळला हे कोडं काही सुटेना.

"आबा, प्रत्येक उपकरणाची तार वेगळी नको का?" तिने विचारलं.

आबा तोंड उघडणार तेवढ्यात निनादच बोलला, "नको. दोन तारा पुरतात."

"शाब्बास निनाद! आता का पुरतात, तेही सांग बघू," आबा म्हणाले.

बकुळचे ओठ घट्ट मिटले. प्रश्न तिने विचारला होता आणि शाब्बासकी मिळाली निनादला.

ही गोष्ट २०६१ सालातली. खाडीकाठच्या त्या गावात बायकांच्या गटाने जिताडा माशाच्या पिल्लांचं संगोपन केंद्र काढलं होतं. शेवंतामावशी त्याची प्रमुख. बकुळचे आबा भास्करराव चाळीस वर्षं कारखान्यांत यंत्रं जोडत आले होते, म्हणून टाक्यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा उभारायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. आजवर अशा कामात त्यांची मदतनीस एकच, बारा वर्षांची बकुळ. चिमटा दे, तार धर, विजेरी इकडे दाखव. पण नऊ दिवसांपूर्वी तालुक्याहून निनाद नावाचा यंत्रमानव आला आणि आबांच्या तोंडी बकुळचं नावच येईनासं झालं. निनादचे हात थरथरत नसत, तो काही विसरत नसे, त्याला भूकही लागत नसे. बकुळला त्याचं सगळंच खुपायचं. त्याच्या पाठीवरचा तो लकलकता निळा दिवासुद्धा.

निनाद समजावू लागला. "हा नियंत्रक, म्हणजे कोणतं यंत्र कधी चालवायचं ते ठरवणारा संगणक. प्रत्येक टाकीत एक संवेदक आहे (पाण्यातला प्राणवायू मोजणारं उपकरण). वर्गात बाई हजेरी घेतात तसा नियंत्रक एकेक क्रमांक पुकारतो. 'एक?' की पहिली टाकी आपला आकडा सांगते. बाकीच्या गप्प. मग 'दोन?' बोलणारा एका वेळी एकच, म्हणून सगळ्यांना त्याच दोन तारा चालतात."

त्याने पिळलेल्या तारांची जोडी पहिल्या संवेदकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळीने नेली. पिवळी तार पिवळीच्या जागी, हिरवी हिरवीच्या. साखळीच्या दोन्ही टोकांना एकेक रोधक बसवला (प्रवाहाला अडवणारा छोटासा भाग).

"तो कशाला?" न राहवून बकुळने विचारलं.

या वेळी आबांनी उत्तर दिलं. "विहिरीत हाक मारली की ती परत येते ना? तशी तारेतून धावणारी विजेची खूण टोकाला आपटून मागे फिरते आणि पुढच्या खुणेत मिसळते. रोधक तिला तिथेच जिरवतो." पण हे सांगताना आबा बघत होते निनादच्या हातांकडे.

शेवटी पत्ते (प्रत्येक संवेदकाचा स्वतःचा क्रमांक) लावायचे होते. त्यासाठी संवेदकावर चार बारीक खटके होते. पहिल्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, चौथ्याची आठ. वर केलेल्या खटक्यांची बेरीज म्हणजे पत्ता. पाचव्या टाकीसाठी निनादने चारचा आणि एकचा खटका वर केला.

आबा आणि निनाद चहाच्या वेळी बाहेर गेले. निनाद चहा पीत नसे, तरी आबा त्याला सोबत घेऊन गेले होते. खिडकीतून आबांचं हसणं ऐकू आलं. बकुळने पाचव्या संवेदकाचं झाकण उघडलं आणि एकचा खटका नखाने खाली केला. उरला चार.

'आता कळू दे सगळ्यांना, हा किती हुशार आहे ते!'

वीज सुरू झाली. एक, दोन, तीन... नियंत्रकाच्या पडद्यावर आकडे नीट उमटले. चारला मात्र नुसता गोंधळ आला आणि पाचकडून काहीच उत्तर नाही. निनादने तारा तपासल्या. पुन्हा तपासल्या. रोधक मोजले. सगळं बरोबर होतं. बकुळला आतून गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात शेवंतामावशी ओरडली, "भास्करराव, पिल्लां वर येतत!"

चौथ्या-पाचव्या टाकीत पिल्लं पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करत होती. पूर्वी हवेचे पंप सतत चालायचे. आता ते नियंत्रकाच्या हुकुमावर चालत होते, आणि त्याला या दोन टाक्यांचे आकडेच मिळत नव्हते. आबांनी धावत जाऊन हाताने पंप सुरू केले. पाणी खळाळलं. पिल्लं हळूहळू खाली गेली. मावशीच्या जाळीत मात्र अकरा पिल्लं निपचित पडली होती.

"चूक माझीच असावी. जोडणी मी केली," निनाद म्हणाला.

आबांनी फोन काढला. "नाइलाज आहे. याला परत पाठवायला हवं."

बकुळला नेमकं हेच हवं होतं. पण जाळीतली ती बोटभर चंदेरी पिल्लं तिच्या नजरेसमोरून हटेनात.

"आबा, फोन करू नका," ती पुढे येत म्हणाली. "पाचव्याचा खटका मी खाली केला. दोघांचाही पत्ता चार झालाय. नियंत्रकाने 'चार?' म्हटलं की दोघं एकदम बोलतात, म्हणून दोघांचंही कळत नाही. आणि पाच नावाचं कुणी उरलंच नाही."

"का केलंस?"

"तुम्ही मला हाकच मारत नव्हता. नऊ दिवस."

आबांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "ते माझं चुकलं. आणखी एक चुकलं. उत्तर आलं नाही तर पंप चालूच ठेव, हा नियम मी नियंत्रकाला आधीच द्यायला हवा होता. पण पिल्लं माझी नाहीत. जा, शेवंताला सांग."

बकुळने मावशीला सगळं सांगितलं. मावशीने जाळी खाली ठेवली. "सांगलंस तां बरां केलंस," ती म्हणाली. पण तिने नेहमीसारखा बकुळच्या डोक्यावरून हात फिरवला नाही.

मग बकुळ निनादसमोर उभी राहिली. "तुला माझा राग आला?"

"मला राग येत नाही," निनाद म्हणाला. "तारा मी सात वेळा तपासल्या, खटके पुन्हा पाहिलेच नाहीत. कुणी ते बदलेल असं मला सुचलं नाही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं बकुळला वाटलं.

वीज बंद करून तिने स्वतः एकचा खटका वर केला. वीज परत आली. चार बोलला, मग पाच बोलला, दोघंही स्पष्ट. आबांनी तिथेच बसून तो राहिलेला नियम लिहिला आणि बकुळकडून तो तपासून घेतला. निनादची स्तुती अजूनही तिला थोडी टोचत होती, पण आता तिच्या हातात काम होतं.

"पुढच्या महिन्यात खाडीच्या मुखाशी माशांचे तरंगते पिंजरे बांधायचेत," आबा म्हणाले. "ही तारांची जोडी फार तर बाराशे मीटर साथ देते. इथून तिथवर पुरेल का गं?"

निनाद म्हणाला, "तिथलं अंतर माझ्याकडे नाही."

बकुळने खाडीच्या मुखाकडे पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि ओल्या वाळूत पहिलं पाऊल टाकलं. "एक," ती मोठ्याने म्हणाली. मग मागे वळून तिने निनादला हाक मारली, "चल, तू लक्षात ठेव. मी मोजते."