चाळीसवर थांबलेला आकडा

"थांब! आधी मोज, मग काप!" बाकाखाली डोकं घालून बसलेली आत्या ओरडली.

चष्मिसने हातातली करवत खाली ठेवली. "आई, तीनदा मोजलंय! टाकी साठ सेंटिमीटर खोल आहे. नळी एकोणसाठची हवी, म्हणजे तळाला टेकणार नाही."

"मग चौथ्यांदा मोज," भोपळा म्हणाला. "नळी म्हणजे काही तुझी नखं नाहीत, पुन्हा वाढायला!"

चष्मिस हसला. चिमणी मात्र हसली नाही. तारांचं भेंडोळं धरून ती गप्प उभी होती. एरवी भोपळ्याच्या, आपल्या या धाकट्या भावाच्या, बडबडीला पहिलं उत्तर तिचंच असायचं.

ही डॉक्टरबाईंची बोट. औषधं आणि नर्सताई घेऊन ती दर महिन्याला बेटांवर फेरी मारायची. वीस वर्षं ही बोट चालवणारे सारंग होते चिमणीचे आजोबा. चार महिन्यांपूर्वी भर फेरीत पिण्याचं पाणी संपलं आणि बोट अर्ध्यातून परत आली. शेवटच्या बेटावरचे आजारी लोक दिवसभर धक्क्यावर वाट बघत बसले. सगळे म्हणाले, "सारंग टाकी भरायला विसरला. म्हातारा झाला!"

"भरली होती हो मी," आजोबा आधी सांगायचे. मग सांगेनासे झाले. किल्ल्या देऊन घरी बसले. एक दिवस पुटपुटले, "विसरलोच असेन मी." दोन महिन्यांपूर्वी ते गेले.

पुन्हा असं होऊ नये म्हणून डॉक्टरबाईंनी टाकीत किती पाणी आहे ते दाखवणारं यंत्र मागवलं होतं. ते येईपर्यंत फेरीला पिण्याचं पाणी कॅन भरून नेत होते. आत्या वायरमन. सुट्टी लागली म्हणून तिन्ही पोरं तिच्या मदतीला आली होती.

यंत्राची नळी टाकीत उतरली, वर रबरी चकती बसली, तारा जोडल्या. संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली आणि सुकाणूशेजारच्या छोट्या पडद्यावर आकडा झळकला: शंभर!

"शंभर! मला आयुष्यात पहिल्यांदा!" भोपळा नाचला.

सकाळी येऊन बघतात तो आकडा चाळीस!

"कोणी आंघोळ केली की काय?" भोपळा म्हणाला.

चष्मिसने सगळे जोड तपासले. दुपारपर्यंत वाट पाहिली. आकडा चाळीसवरच.

बोटीचे दुरुस्तीवाले मिस्त्री कमरेवर हात ठेवून हसले. "यंत्र खोटं आहे तुमचं. नाहीतर तुम्हीही भरायला विसरलात. घराण्यातच आहे ते!"

आत्याचा चेहरा पडला. चिमणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण तिच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

"आत्या, टाकी गळत असेल, तर पाणी जाईल कुठे?"

"बोटीच्या तळाशी. तिथला पंप ते आपोआप बाहेर फेकेल."

"म्हणून कुणाला कळलं नाही!" चष्मिस ओरडला.

"तळात थोडं पाणी येतंच," मिस्त्री म्हणाले. "ते समुद्राचं असतं!"

"बरोबर असेल तुमचं, काका," चिमणी शांतपणे म्हणाली. "तासाभराने डॉक्टरबाईंना घेऊन इथेच याल?"

मिस्त्री वळताच भोपळा दुकानाकडे पळाला. आत्याने टाकी धुऊन द्यायचं कबूल केलं आणि पोरांनी खाण्याच्या लाल रंगाच्या चार बाटल्या टाकीत ओतून ती पुन्हा भरली.

तासाभराने सगळे धक्क्यावर उभे होते. तळातला पंप घुरघुरला आणि बोटीच्या कुशीतून लालभडक धार समुद्रात पडली!

"काका," भोपळा म्हणाला, "तुमचा समुद्र लाल कसा हो?"

मिस्त्री धक्क्याच्या कडेला जाऊन वाकून बघू लागले.

"पाणी चाळीसवर थांबतं, म्हणजे भोक तिथेच आहे," चिमणी म्हणाली. "साठचे चाळीस टक्के..."

"चोवीस सेंटिमीटर!" चष्मिसने टेप लावला. चोवीसची खूण बाकाच्या फळीमागे गेली. आत्याने फळी काढली. टाकीला बोराच्या बीएवढं भोक होतं आणि त्यातून लाल पाणी सारखं वाहत होतं.

"ही फळी कुणी बसवली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मिस्त्रींची मान खाली गेली. "मीच. ड्रिल जास्त आत गेलं असणार. टाकी तेव्हा रिकामी होती. पाहिलंच नाही मी... त्या फेरीच्या आदल्या आठवड्यात."



संध्याकाळी डॉक्टरबाई आणि मिस्त्री चिमणीच्या घरी आले. मिस्त्रींनी आजीचे पाय धरले. डॉक्टरबाईंनी बोटीची नोंदवही उघडली, 'सारंगाच्या चुकीने पाणी संपले' ही ओळ आजीसमोर खोडली आणि खाली खरं कारण लिहून सही केली.

"पोरांनो, आम्हा मोठ्यांना जे जमलं नाही ते तुम्ही केलंत!" त्या म्हणाल्या. आत्याने तिघांनाही जवळ घेतलं.

पाहुणे गेल्यावर चिमणी आजीच्या कुशीत शिरून हुंदके देऊ लागली.

"आजी, मी त्यांना म्हटलं होतं, 'आजोबा, असं कसं विसरलात तुम्ही?' सगळ्यांदेखत. ते नुसते बघत राहिले माझ्याकडे."

आजी तिच्या केसांवरून हात फिरवू लागली.

"लागलं होतं गं त्यांना," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी जेवताना मला म्हणाले, 'पोर मनातलं तोंडावर बोलायला घाबरत नाही. हिला बोट शिकवायला हवी होती.'"

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेली आणि भोकावर पट्टी बसवलेली टाकी भरून बोट निघाली. डॉक्टरबाईंनी चिमणीला सुकाणूशेजारी बोलावलं आणि नोंदवही पुढे केली. तिने पडद्याकडे पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा एकदा पाहिलं आणि कोऱ्या ओळीवर लिहिलं: 'गोडं पाणी शंभर. दोनदा तपासले.'