कड्यावरून सांगितलेलं नाव

मोहाला फुलं धरोत की पाऊस लागो, प्रकाशा गावचा हिंमतराव धडगावकडे जंगल फिरायला निघायचा. शेती मुलाच्या हाती गेलेली, पाय अजून धड. त्यामुळे दर ऋतूत त्याची एक फेरी ठरलेली. जीपने घाट चढायचा, फाट्यावर दिवलीबाईच्या झोपडीत काळा चहा प्यायचा. मग कड्यावर उभं राहून दरीला आपलं नाव सांगायचं आणि उतरायचं. ही रीत दिवलीबाईनेच शिकवली होती. सांगाल ते आपलंच नाव सांगा, म्हणाली होती.

सोबत शेजारचा रूपचंद असे. त्याला ही वाट हिंमतरावानेच दाखवली. पण दरी ओ द्यायची ती रूपचंदला. पावसाळ्यात ढग कड्याला टेकलेले असोत, की थंडी सरता साग उघडे पडलेले असोत, "मी रूपचंद" म्हटलं की तेच शब्द खालून परत येत. हिंमतरावाचं नाव गेलं की गेलं.

"तुन्हा आवाज कोरडा शे भो, सुकेल पऱ्हाटीसारखा," रूपचंद हसायचा. "जंगलले गोडवा लागस."

हिंमतराव हसत नसे. त्या दिवशीची भाकर तो तशीच बांधून परत आणत असे.

यंदा रूपचंद तापाने पडला. हिंमतराव एकटाच निघाला, आणि खरं सांगायचं तर खुशीत निघाला. आज दरी त्याची एकट्याची होती.

दुपार कलली होती. मोहाचा गोड, आंबूस वास कड्यावर दाटून बसला होता. पाखरूही बोलत नव्हतं.

"मी हिंमतराव," त्याने हाक दिली.

काही नाही. पुन्हा दिली. पान हललं नाही. तो तिकडे अंथरुणावर पडलाय, तरी या दरीला तोच हवा...

त्याने तोंडाशी हात धरले. आवाज गोड केला.

"मी रूपचंद..."

दरी गप्प राहिली. मग अगदी जवळून, कड्याच्या खालूनच, एक कोरडा आवाज आला.

"बरं... मंग मी हिंमतराव."

हिंमतराव दरीत उतरला नाही. मागे फिरला. फाट्यावर दिवलीबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. जीपवाला नेहमीचा, ओळखीचा. तो म्हणाला, "बसा रूपचंदबाबा. ताप उतरना का?" हिंमतरावाने आपलं नाव सांगायला तोंड उघडलं. ते नाव तोंडातून निघालंच नाही.

दिवेलागणीला तो घरी पोचला. दगूबाई, त्याची बायको, ओसरीवर होती. त्याला पाहताच तिने पदर पुढे ओढला, परक्या पुरुषासमोर ओढावा तसा.

"या भाऊ. तापमा कसाले उठनात? धनी आत्तेच घर उनात. जेवाले बसनात."

आतून कोरडा आवाज आला. "कोण शे, दगू?"

"रूपचंदभाऊ."

आतला काहीतरी हळूच बोलला. बाहेर ते ऐकू आलं नाही. दगूबाई तोंडाशी पदर धरून हसली. हिंमतरावाशी ती तशी कधी हसली नव्हती.