खळ घातलेला एप्रन

राजसच्या नाण्यावर पाण्याचे सव्वीस थेंब बसले होते. सत्ताविसावा ड्रॉपरच्या टोकाला लोंबकळत होता… आणि नेमकं तेव्हाच मला हसू आलं.

बस्स! नाण्यावरचा तो गोल फुगवटा फुटला आणि सगळं पाणी त्याच्या वहीत.

"अगं ए!" त्याने चष्मा वर सरकवला. "हसायला काय झालं?"

"तू थेंब सोडताना जीभ बाहेर काढतोस."

"मी? शक्यच नाही."

"काढतोस. दूध बघितलेल्या मांजरासारखी."

त्याचे कान लाल झाले. खरंच, कानच! आधी पाळ्या, मग वरपर्यंत. माणसाचे कान इतके भराभर लाल होतात हे मी पहिल्यांदाच बघत होते.

अशी आमची ओळख झाली. अकरावी सायन्स, प्रॅक्टिकलची लॅब, टेबल नंबर चार. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या होत्या, नाहीतर राजस आणि मी कशाला भेटतोय? तो कामोठ्याचा, सातव्या मजल्यावरचा. आईबाबा दोघंही नोकरीला, डब्यात रोज काकडीचं सँडविच. मी उरणच्या बाजूची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. माझी आई पनवेलच्या मच्छी मार्केटात बसते आणि गिऱ्हाईकाला असं गप्प करते की विचारू नका.

दिवाळीपर्यंत मी वर्गात तोंडच उघडत नव्हते. घरातलं हाय-नाय चुकून बाहेर पडेल याची भीती. मग एकदा धर्मराज सरांनी विचारलं, बर्फ पाण्यावर का तरंगतो? सगळे गप्प. मी लहानपणापासून बाबांच्या होडीतल्या पेटीत बर्फ तरंगताना बघितलाय. उभी राहिले आणि म्हटलं, "सर, गोठल्यावर पाण्याचे रेणू एकमेकांपासून अंतर राखून बसतात. जागा जास्त व्यापतात. म्हणून बर्फ हलका." सर म्हणाले, "शाब्बास!" त्या दिवसापासून माझं तोंड जे उघडलं ते बंदच होईना.

"तू दिवसाला किती शब्द बोलतेस गं?" राजसने एकदा विचारलं.

"मोज की."

"मोजत होतो. एक हजारानंतर झोप लागली."

महिनाभर असंच चाललं होतं. शनिवारी तीन तास. तो नळ्या धरायचा, मी थेंब टाकायचे. आयोडीनने स्टार्च निळं-काळं होतं, बाययुरेटने प्रथिन जांभळं होतं, आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात साखर तापवली की ते हळूहळू विटकरी होतं. तसं ते होत असताना आम्ही दोघं एकाच नळीवर वाकायचो. त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागायचा… आणि मी मुद्दाम मनगट हलवायचे नाही.

बाकी आठवडाभर आम्ही बोलायचो नाही. म्हणजे भांडण नव्हतं हो! तो त्याच्या कामोठ्याच्या मुलांबरोबर, मी माझ्या एस.टी.तल्या मैत्रिणींबरोबर. जाऊन काय म्हणणार? "काय रे, कसा आहेस?" आणि मग? टेबल नंबर चार हे एकच कारण होतं आमच्याकडे.

आणि तेच जायला निघालं.

"येत्या शनिवारी निवड फेरी," सरांनी जाहीर केलं. "जिल्ह्याच्या विज्ञान स्पर्धेला अलिबागला एकच जोडी जाईल. ती वर्षभर एकत्र सराव करेल. बाकी सगळ्या जोड्या मोडणार, नव्या बॅच लावणार. राजस, कामोठ्याची मुलं मंगळवारी येतील."

मी राजसकडे बघितलं. तो वहीत काहीतरी लिहीत होता. पेनाचं टोपणही काढलं नव्हतं त्याने.

शनिवारी सकाळी आईने माझा पांढरा एप्रन पुढे केला. नुसता कडकडत होता.

"यो काय केलास?"

"खळ घातली. भाताच्या पेजेची," आई म्हणाली. "तुजी परीक्षा हाय ना? कडक दिसली पायजेस."

लॅबमध्ये मी बसले तर एप्रन कर्रर्र वाजला. राजस कुजबुजला, "लग्नाची पत्रिका घालून आलीस की काय?"

"गप रे. नळ्या मोज."

तीन नमुने होते: अ, ब, क. कशात साखर, कशात स्टार्च, कशात प्रथिन, कशात चरबी ते शोधायचं. वीस गुण, चाळीस मिनिटं. धर्मराज सर एका बाटलीत दोन-दोन गोष्टी घालण्यात वस्ताद, त्यामुळे प्रत्येक नमुन्याची प्रत्येक चाचणी करायची. नमुना संपला तर पुन्हा मिळेल, पण चार गुण कापून. आणि डोळ्यांनी दिसलं नाही ते लिहायचं नाही, ही सरांची सक्त ताकीद.

अ मध्ये प्रथिन निघालं, क मध्ये चरबी; ब मध्ये दोन्ही नव्हतं. साखरेच्या चाचणीला तिन्ही नळ्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या म्हणून आम्ही बर्नरवर पाणी तापत ठेवलं, आणि ते तापेचना! पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की उष्णता आधी ते हात सोडवण्यातच खर्च होते, हे मला पाठ होतं. पण घड्याळासमोर बसल्यावर पाठ असून काय उपयोग? पलीकडच्या टेबलावर मिताली आणि शैलेशचं पाणी खळखळत होतं.

"त्यांनी आधीच लावलं होतं," राजस म्हणाला.

"बघू नकोस तिकडे."

"तू बघतेयस."

शेवटी उकळलं. अ आणि क च्या नळ्या निळ्याच राहिल्या. ब मधला बेनेडिक्टचा निळा मात्र हिरवा झाला, पिवळट झाला, विटकरी झाला. साखर! मी टेबलाखाली त्याच्या बुटावर बूट आपटला. आता फक्त ब मध्ये स्टार्च नाही एवढं दाखवायचं की संपलं. मी तेवढ्यात एक नळी गरम पाण्याने विसळून ठेवली होती. राजसने उरलेला ब त्या नळीत ओतला. मी आयोडीनचा थेंब टाकला.

निळा-काळा.

आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

"असं कसं?" राजस पुटपुटला. "स्टार्चचं पाणी गढूळ दिसतं. हे तर काचेसारखं होतं."

"तू ड्रॉपर मिसळलास," मी म्हटलं.

"नाही मिसळला."

"मग काय आपोआप झालं? नेहमीच धांदरटपणा तुझा!"

त्याने माझ्याकडे बघितलं फक्त. चष्म्याआडचे ते डोळे… मला वाटलं, शब्द परत गिळता आले असते तर! पण घड्याळात तेरा मिनिटं उरली होती.

सवयीने मी हात एप्रनला पुसायला गेले. खालचं टोक ओलं लागलं. ओलं, आणि चिकट.

आमच्या घरी धुतलेलं भांडं पुसायला वेगळं फडकं नसतं. आई पदराचं टोक पिळते, आत घालते, गर्रकन फिरवते. आणि मीही… नळी ओली राहिली तर नमुना पातळ होईल म्हणून मी एप्रनचं टोक पिळून नळीच्या आत घातलं होतं. गर्रकन फिरवलं होतं. खळ घातलेलं टोक. भाताची पेज म्हणजे दुसरं काय? ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. स्टार्च!

मी ड्रॉपर उचलला आणि आयोडीनचा थेंब सरळ एप्रनवर सोडला.

"प्रांजल, डाग पडेल!"

पांढऱ्या कापडावर निळी-काळी शाई फुटावी तसा डाग पसरत गेला.

"मी केलं," मी कशीबशी म्हटलं. "तू नाही. मी."

राजसने डागाकडे बघितलं, मग नळीकडे. "म्हणजे ब मध्ये स्टार्च नाहीच बहुतेक."

"बहुतेक. पण सरांनी दोन्ही घातलं असेल तर?"

"नमुना संपलाय." तो अगदी हळू बोलत होता. "पुन्हा मागितला तर चार गुण जातील. मिताली पुढे जाईल. अंदाजाने 'फक्त साखर' लिहिलं तर… अर्धी शक्यता आपली आहे. कोणाला कळणार?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं की मला मंगळवारी यायचं नाहीये."

असं तो म्हणाला! अशा वेळी! मला हसावं की रडावं कळेना. पेन माझ्याच हातात होतं. दोन शब्द लिहायचे, फक्त साखर, आणि वर्षभर हे टेबल आमचं. मी पेन टेकवलंसुद्धा. पण हात पुढे जाईना. मला माहीतच नव्हतं ना ब मध्ये काय आहे! न बघितलेलं मी कसं लिहू?

मी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला. "सर, ब पुन्हा हवाय."

सर आले. निळी-काळी नळी उचलून उजेडात धरली. "चार गुण जातील. चूक कोणाची?"

"माझी, सर," राजस पटकन म्हणाला. "ड्रॉपर मिसळला माझ्याकडून."

"नाय सर!" मी ताडकन उभी राहिले. "त्याची नाय, माजी हाय! एप्रनला पेजेची खळ हाय, त्यानंच मी नळी पुसली!"

अख्खी लॅब हसत सुटली. कोणीतरी मागून 'हाय हाय' केलं. माझे गाल तापले, पण मी खाली बसले नाही. एप्रनचं टोक उचलून डाग दाखवला. सरांनी तो नीट बघितला, हसले नाहीत, आणि ब ची बाटली पुढे केली.

नव्या नळीत आयोडीनचा थेंब पडला तो पिवळसर तपकिरीच राहिला. स्टार्च नव्हतं. फक्त साखर.

निकाल दहा मिनिटांत लागला. मिताली आणि शैलेश, अठरा. आम्ही सोळा. उत्तरं सगळी बरोबर, चार गुण वजा. सरांनी नवी यादी फळ्याला लावली. राजस, मंगळवार. मी, शनिवार.

एस.टी. स्टँडपर्यंत आम्ही पहिल्यांदाच बरोबर चालत गेलो. बरोबर म्हणजे, मध्ये एक सायकल जाईल एवढं अंतर ठेवून. महिनाभरात मी इतकी गप्प कधीच नव्हते.

"अंदाज मारला असता तर बरोबर आलं असतं," शेवटी तोच म्हणाला.

"हो." मी मान खाली घातली. "राग आलाय?"

"ड्रॉपरबद्दल बोललीस त्याचा आला होता."

"सॉरी. खरंच." मग मी विचारलं, "तू का खोटं बोललास सरांशी?"

"माहीत नाही. तू रडशील असं वाटलं."

"मी? रडणार?"

"मला बघवलं नसतं ते."

उरणची गाडी समोर लागली होती. लोक चढत होते. मी पायरीजवळ जाऊन थांबले. आता चढले की सोमवारी तो त्याच्या घोळक्यात, मी माझ्या. मंगळवार त्याचा, शनिवार माझा. संपलं.

"राजस, आता आपल्याला बोलायला कारणच नाही उरलं."

"कारण लागतं का?"

"लागतं. मला लागतं. म्हणून सांगते. तू मला आवडतोस. हे घे कारण."

त्याचे कान… अरे देवा, त्याचे कान! तो नुसता उभा. कंडक्टरने आतून आवाज दिला, "ओ ताई, येताय का?"

मी मानेनेच नाही म्हटलं. दार आपटलं. गाडी धूर सोडत निघून गेली आणि आम्ही दोघं तिथेच.

"हे मी म्हणणार होतो," राजस एकदाचा बोलला. "महिनाभर पाठ करत होतो."

"मग म्हण ना!"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"विसरलो," तो म्हणाला.

मी सिमेंटच्या बाकावर बसले, दप्तर मांडीवर घेतलं आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"पुढच्या गाडीला अर्धा तास आहे," मी म्हटलं. "आठव."