शेजारची खुर्ची

"धरलंस?" कॅप्टन लोटलीकरांनी विचारलं.

"धरलं, सर," असं म्हणत ऋजुता खैरनारनं दांडी किंचित आपल्याकडे ओढली. ती ओढ हाताला जाणवली, तेव्हाच सरांनी आपली पकड सोडली.

विमान खरं नव्हतं. नीलपथ विमान कंपनीनं धुळ्याच्या माळावर वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र उभारलं होतं, त्यातली ती एक डोलणारी खोली होती. तिला सगळे 'उड्डाणाभास' म्हणत. निवडक मुलामुलींना कंपनी आपल्या खर्चानं शिकवत होती. ऋजुताला सरकारी परवाना मिळाला होता. कंपनीची शेवटची चाचणी पार पडली की खरं प्रवासी विमान हाती येणार होतं.

तिच्या डोक्यावर संवेदटोप होता. हात कधी हलला, नजर कुठे गेली, श्वास कुठे अडकला, सगळं तो टिपून घेई.

टोप बनवणाऱ्या डॉ. वाघुळदे भिंतीतल्या ध्वनिवर्धकातून वैतागल्या, "सर, हे धरलंस-धरलं दर वेळी हवंच का?"

"बाई, तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात देताना विचारता की नाही? दोघांनाही वाटलं दुसऱ्यानं धरलंय, की मूल जमिनीवर. विमानाचंही तसंच."

जेवणाच्या सुट्टीत ऋजुतानं डॉक्टरांना गाठलं. "मॅडम, या टोपातून तुम्ही नक्की काय बनवताय?"

"छायावैमानिक. तुझी हुबेहूब छाया. साध्या यंत्राला आपण नियम लिहून देतो. छायेला नियम कळत नाहीत, फक्त तुझ्या सवयी कळतात. आणि त्या सतरंजीसारख्या एकमेकींत विणलेल्या असतात. एक धागा उपसायला जावं, तर सगळी उसवते."

"मग छाया उडणार, आणि आम्ही?"

डॉक्टरांनी ताटातली भाकरी उगाच मोडली. "ते केळुसकर साहेब सांगतील."

उड्डाणप्रमुख केळुसकरांनी ते दुसऱ्याच दिवशी हसत हसत सांगितलं. छायांना मान्यता मिळेपर्यंत मुलांनी उडायचं. नंतर त्यांना जमिनीवरची कामं, सामान विभागात वगैरे.

"वा! म्हणजे आता बॅगा उडवायच्या," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"आणि शेवटच्या चाचणीत शेजारची खुर्ची रिकामी असेल," केळुसकर म्हणाले. "छायेला एकटीनं उडायचंय. तर ते शिकायला नको?"

ऋजुताची पाळी आली. खोलीच्या खिडकीबाहेर धावपट्टीचं चित्र पसरलं. टोप चढवून, सगळी तयारी करून तिनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"धरलंस?"

उत्तर नाही. तिनं ब्रेक लावून ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"खैरनार, निघा," ध्वनिवर्धकातून केळुसकरांचा आवाज आला.

"शेजारी कुणी नाही, साहेब."

"दिसतंय मला. शिकाऊ विमान एकटीनंच उडवलंत ना?"

"उडवलं. तेव्हा मागं कुणाची आई बसलेली नव्हती."

"नापास करीन. एक दिवससुद्धा उडायला मिळणार नाही."

"करा."

त्यांनी केलं. बॅग भरून फाटकापर्यंत ती ताठ चालत गेली. पुढे ती शिरपूरकडे कापसावर फवारणी करणारं छोटं विमान उडवू लागली. कंपनीनं सगळ्या छाया तपासल्या, तर तिचीच सरस निघाली.

"नापास ती मुलगी झाली, तिची छाया नव्हे," केळुसकर म्हणाले, आणि तीच छाया सगळ्या विमानांत बसवली. चाचणी-उड्डाणांत सरकारी निरीक्षक शेजारी बसत. छायेनं "धरलंस?" विचारलं, की ते दांडी ओढून गमतीनं "धरलं" म्हणत. ती सुरेख उडे.

मग छायेच्या प्रवासी उड्डाणांच्या उद्घाटनाचा दिवस आला. निरीक्षक खाली उतरले, प्रवासी चढले, आणि एकही विमान हललं नाही.

दुपारी डॉ. वाघुळदेंनी ऋजुताला विमानतळावर बोलावून घेतलं. केळुसकर घामाघूम झाले होते. "तुमचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवला. तरी ढिम्म!"

"आवाजानं कसं भागेल? तिला दांडीवर हात लागतो," ऋजुता म्हणाली.

"एकटीनं उडायला सांगितलं की ब्रेक लावून बसते," डॉक्टर म्हणाल्या. "एकटेपणाचा तिला एकच अनुभव आहे, ऋजुता. तू दिलेला."

"मग तो धागा काढा."

"काढला, तर तिला उतरता येणार नाही."

केळुसकर पुढे झाले. "हे बघ, पोरी, तू आत जा, दांडी धर, धरलं म्हण आणि उतर. एवढंच."

"मूल हातात घ्यायचं आणि खाली ठेवून निघून जायचं?" ऋजुता हसली. "मी बसले तर मुक्कामाला उतरेपर्यंत बसेन. आणि बाकीची विमानं?"

केळुसकरांनी घाम पुसत रांगेत उभ्या विमानांकडे पाहिलं.

"माझ्या वर्गातली सगळी पोरं तुमच्या सामान विभागातच आहेत ना? त्यांना वर बोलवा, एकेका विमानात शेजारी बसवा. आणि लोटलीकर सरांनाही फोन लावा."

ती शिडी चढून आत गेली आणि शेजारच्या खुर्चीत बसून पट्टा आवळला. खाली केळुसकर फोन लावत होते.

"धरलंस?" तिच्याच आवाजात छायेनं विचारलं.

ऋजुतानं दांडी किंचित आपल्याकडे ओढली. "धरलं."

ब्रेक सुटला.