डाव्या बाजूचं हँडल

पापडीच्या प्लासिड तुस्कानोला जुन्या जीपगाड्यांचं वेड होतं, पण ते बेतातलं वेड होतं. नोकरी लिफ्टची सुरक्षा तपासण्याची. झिजलेला बोल्ट पाहून तो किती वर्षांचा आहे आणि कोणत्या बाजूनं ओढला गेलाय, हे त्याला हातात घेतल्याबरोबर कळायचं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की तो घरामागच्या वाडीत, केळीच्या पलीकडे घातलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचा आणि जेवायला हाक येईपर्यंत बाहेर पडायचा नाही. दोन जीप त्यानं अशाच भंगारातून उभ्या केल्या होत्या. बायको नॅन्सी शाळेत शिक्षिका. तिचा या गाड्यांशी संबंध एवढाच, की सणावाराला त्यातल्या एकीत डाव्या बाजूला बसून चर्चला जायचं आणि उतरल्यावर साडीला ग्रीस लागलंय का ते पाहायचं.

तिसरी जीप कामणला मिळाली. तिथल्या एका जुन्या गोदामाची मालकी किंजल नावाच्या तरुण मुलीकडे आली होती. नवं बांधकाम करायचं म्हणून तिनं मागची भिंत पाडली, तर भिंतीआड ही जीप निघाली. प्लासिड आणि त्याचा मित्र मेलरॉय ती पाहायला गेले. मेलरॉयचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं आणि जीपचं वेड प्लासिडइतकंच.

"माझ्या दादाजींची आहे," किंजल म्हणाली. "पप्पा लहान होते तेव्हा गोदाम वाढवलं, त्यात हा कोपरा बंद झाला. तेव्हापासून आतमध्ये कोणीच गेलं नाही, अंकल. जायला रस्ताच नव्हता."

सपाट मडगार्ड, दोन तुकड्यांची पुढची काच, टायर मातीत रुतून बसलेले. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मात्र शाबूत होती. मेलरॉयनं बोनेट उचललं आणि खूश होऊन मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात टोइंगच्या गाडीवर बसून जीप पापडीला आली.

पहिल्याच दिवशी प्लासिडनं पुढचं डावं चाक उघडलं. हबचा नट सुटू नये म्हणून त्यात घातलेली पिन गंजून काळी झाली होती. ती काढता काढता तो थांबला. अशा पिनेचे दोन्ही पाय सगळेच मेकॅनिक बाहेर वळवतात. इथे एक पाय वर वळवलेला होता आणि दुसरा आखूड कापून नटाच्या खाचेत दाबून बसवलेला. प्लासिड तसंच करायचा. कधीतरी पिनेच्या टोकानं बोट फाटलं होतं, तेव्हापासूनची ती त्याची स्वतःची पद्धत होती. आणखी कुणाचंतरी बोट फाटलं असेल, असं म्हणून त्यानं पिन डब्यात टाकली.

मग डॅशबोर्डखालची वायरिंग आली. कापडाचं वेष्टण असलेल्या त्या जुन्या वायरी हात लावला की भुगा होत होत्या. पण त्यांची जुडी जागोजागी सुताच्या दोऱ्यानं बांधलेली होती, आणि गाठ जाळ्याची होती. ही गाठ त्याला पाचूबंदरच्या मामानं शिकवली होती. जाळं विणता विणता मामा म्हणायचा, "गाठ अशी मार, का पान्यात भिजली का अजून घट्ट व्हायला पायजे." प्लासिड आपल्या गाड्यांच्या वायरी त्याच गाठीनं बांधायचा. मेलरॉय त्यावरून त्याची चेष्टा करायचा, की तुझ्या जीपमध्ये एक दिवस बोंबील सापडतील.

त्या दिवशी मेलरॉयनं चेष्टा केली नाही. तो वाकून गाठ बघत राहिला. दोऱ्याला बोट लावलं तर तो राखेसारखा गळून पडला.

"कामणला कोळी मेकॅनिक असेल एखादा," तो म्हणाला.

"असेल," प्लासिड म्हणाला.

थंडीभर काम चाललं. रंग खरवडायला घेतला तेव्हा डाव्या बाजूला, पुढच्या काचेच्या पायाशी एक उंचवटा लागला. रंगाचे थर निघाले आणि खालून हँडल निघालं. पाइप वाकवून केलेलं, हातात भरेल एवढं. त्याच्या बरोबर खाली, दाराच्या जागी, जमिनीपासून हातभर उंचीवर एक लोखंडी पायरी जोडलेली. कंपनीच्या गाडीत असं काही नसतं. ज्याला नीट चढता येत नाही अशा माणसासाठी कुणीतरी मुद्दाम केलेलं ते काम होतं.

प्लासिडनं वायरब्रश मारून जोडाची जागा साफ केली. वेल्डिंगची रेघ जिथं सुरू होत होती तिथं एक छोटा आकडा होता, उलट्या स्वल्पविरामासारखा. रेघ सुरू करताना प्लासिडचा अंगठा थोडा मागं सरकायचा आणि त्याच्या प्रत्येक कामाच्या सुरुवातीला तो आकडा उमटायचा. इथे मात्र आकड्यापुढची रेघ सरळ नव्हती. ती वाकडीतिकडी, थरथरत पुढं गेली होती.

मेलरॉय चष्मा कपाळावर सरकवून जवळ गेला. वेल्डिंग हा त्याचा रोजचा धंदा. एखाद्याचं अक्षर ओळखावं तशी तो रेघ ओळखायचा.

"हे तू कधी केलंस?"

"मी आत्ता रंग काढला, मेलरॉय. तुझ्यासमोर."

मेलरॉयनं रेघेवरून नख फिरवलं. त्यावर जुना गंज होता, खोल बसलेला. "तुझंच आहे," तो हळू म्हणाला. "फक्त त्या दिवशी तुला बरं नसणार."

त्या संध्याकाळी प्लासिडनं किंजलला फोन केला. घरात कुणी आजारी होतं का, जीपमध्ये चढायला कुणाला त्रास व्हायचा का, असं आडून आडून विचारलं. "नाही अंकल," ती म्हणाली. "दादी तर त्या गाडीत कधी बसलीच नाही. आणि दादाजी शेवटपर्यंत आंब्याच्या झाडावर चढायचे."

नॅन्सी चहा घेऊन शेडमध्ये आली तेव्हा तिला ती पायरी दिसली. "अरे, हे बरं केलंस," असं म्हणून तिनं पाय ठेवला आणि हँडलकडे हात नेला. हात जेमतेम पोचला. "माझ्यासाठी उंच आहे जरा."

"खाली उतर," प्लासिड म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्याहून मोठा निघाला. नॅन्सीनं त्याच्याकडे पाहिलं, कप बाकावर ठेवला आणि निघून गेली.

ते काम आपल्याच हातचं असेल तर ते अजून व्हायचं होतं, आणि डाव्या बाजूला नेहमी नॅन्सी बसायची. तेव्हा जे काही होणार होतं ते तिला होणार होतं, असं त्याच्या मनानं धरलं. शिकलेला माणूस, रोज लिफ्टच्या दहा मजली पोकळीत डोकावून मोजमाप करणारा, पण तो तिच्या पायांकडे बघू लागला. जिना चढताना ती दमते का, खडू धरताना बोटं दुखतात का. रक्त तपासून घे म्हणून तिच्या मागं लागला. ती वैतागली, तरी गेली. सगळं ठीक निघालं. या सगळ्यात त्यानं एक गोष्ट केली नाही. पायरीवर स्वतः पाय ठेवून, हँडल धरून पाहिलं नाही. का नाही, ते त्याला सांगता आलं नसतं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका दुपारी त्यानं ग्राइंडर लावला आणि हँडल व पायरी दोन्ही कापून काढली. जागा घासून गुळगुळीत केली, वर प्रायमर मारला. तुकडे त्याच दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेले. मेलरॉयला हे आवडलं नाही. गाडीवरची जुनी खूण अशी पुसू नये, हा दोघांचा नियम होता. त्या रात्री प्लासिडला पुष्कळ दिवसांनी शांत झोप लागली.

ईस्टरच्या सुमाराला इंजिन सुरू झालं. जीपला फिकट हिरवा रंग दिला. नॅन्सी ठणठणीत होती.

मे महिन्यात एका सकाळी प्लासिड आंघोळ करून आला आणि शर्टाचं बटण लावू लागला, तर उजव्या हाताला बटण सापडेना. त्यानं नॅन्सीला हाक मारली. हाक मारली असं त्याला वाटलं. तिला ऐकू आला तो नुसता ओला आवाज, आणि ती धावत आली तेव्हा तो पलंगाशी उजव्या अंगावर पडलेला होता.

पावसाळा इस्पितळात आणि मग घरातल्या खाटेवर गेला. बोलणं परत आलं. उजवा पाय ओढत का होईना, चालू लागला. उजवी मूठ मिटायची, पण धरलेली वस्तू सुटायची. त्याला व्यायामाला न्यायला रिक्षा यायची. नॅन्सी त्याच्या काखेत खांदा घालून त्याला आत चढवायची. एकदा चढवताना तिच्या कमरेत उसण भरली. रिक्षाच्या दांड्याला धरून ती डोळे मिटून उभी राहिली, आणि प्लासिड आत बसून तिचा पांढरा पडलेला चेहरा बघत राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी त्यानं मेलरॉयला बोलावून घेतलं.

"एक पाइप वाकवून आण," तो म्हणाला. "आणि पायरीसाठी पत्रा."

मेलरॉय म्हणाला, "मी लावून देतो. तू खुर्चीवर बस."

"नको. मी लावतो."

"प्लासिड, तुझा हात..."

"माहीत आहे."

मेलरॉयनं पाइप धरला. प्लासिडनं उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन वेल्डिंग सुरू केलं. अंगठा सवयीनं मागं सरकला. पुढचं त्याच्या हातात नव्हतं.

लोखंड निवल्यावर मेलरॉयनं हातोडीनं वरची खपली उडवली. दोघांनी पाहिलं.

मेलरॉयनं हातमोजे काढून खिशात घातले आणि तो फाटकापर्यंत गेला. तिथून तो परत आला, प्लासिडच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघं तसेच उभे राहिले.

गाडी चालवणार कोण, हा प्रश्न नॅन्सीनंच मिटवला. "मी शिकते," ती म्हणाली. तोपर्यंत तिनं स्कूटरसुद्धा चालवली नव्हती. शाळा सुटल्यावर ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून वसईच्या गल्ल्यांत फिरायची. शेजारच्या सीटवर शिकवणारे प्लासिडचे जुने ओळखीचे गृहस्थ असायचे. ते एरवी कडक, पण बाईंना लवकर जमतंय असं म्हणायचे. लायसन आलं. हिरव्या जीपला मात्र तिनं अजून हात लावला नव्हता.

ऑक्टोबरात, ऊन कलल्यावर, ते पहिल्यांदा निघाले. पाचूबंदरला जायचं, मामाच्या घरच्यांना भेटायचं आणि परत यायचं, एवढंच. प्लासिडनं डाव्या हातानं हँडल धरलं, पायरीवर डावा पाय ठेवला आणि कुणाच्याही मदतीशिवाय वर चढला. उंची त्याच्या मापाची होती. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं आश्चर्यही वाटलं.

नॅन्सी उजवीकडून आली. चढून बसली. किल्ली लावली, गियर न बघता हाताखाली घेतला, चोक अर्धा ओढला. या गाडीला किती चोक लागतो ते प्लासिडनं तिला सांगितलं नव्हतं. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं.

ती सफाईनं फाटकाबाहेर पडली. डाव्या वळणावर तिनं तिकडे पाहिलं तेव्हा तिची नजर त्याच्यापाशी अडखळली नाही. सरळ रस्त्यावर गेली. चर्च मागं पडलं. वारा लागत होता, ती मंद आवाजात काहीतरी गुणगुणत होती. तिला इतकं निवांत त्यानं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून तोही सीटला टेकून बसला.

किल्ल्याकडे वळताना तिनं खांद्यावरची पर्स काढली आणि न बघता शेजारच्या सीटवर टाकली.

पर्स त्याच्या मांडीवर पडली.

नॅन्सी दचकली. तिनं गाडी कडेला घेतली. पर्स उचलून आपल्या पायाशी ठेवली, आणि त्याच्या हातावर हात ठेवला. तिचा हात गार होता.

"सॉरी," ती म्हणाली. "ही सीट रिकामी असायची सवय झालीय रे."