नुसत्या शब्दावर

"दोन मांसाचे समसे, एक भोपळ्याचा. पक्कं."

रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या माणसानं भट्टीवालीला असं सांगितलं आणि मी छत्री मिटायची विसरले. अख्ख्या अल्माटीत समसे घेताना "पक्कं" कोण म्हणतं?

"तुम्ही... दौरेन?"

तो वळला. वर्षभर रोज दुपारी फोनवर ऐकलेल्या आवाजाला किंचित वाकडं नाक होतं, आणि भुवयांवर ओला बर्फ.

"तोरगिन? मला वाटायचं, तुम्ही उंच असाल."

"मला वाटायचं, तुम्ही शहाणे असाल."

तो हसला, आणि भोपळ्याचा समसा माझ्या हातात आला.

आमचं कामच तसं. दुपारी कुठल्या बँकेकडे पैसे उरतात, कुठल्या बँकेला कमी पडतात. कमी पडले की दुसऱ्या बँकेला फोन करायचा, एका रात्रीपुरते घ्यायचे आणि सकाळी व्याजासकट परत करायचे. दर ठरला की एकच शब्द – पक्कं. तो बोलल्यावर माघार नाही. आमची बँक लहान, कायम घेणारी. त्याची मोठी, देणारी.

त्या दिवसापासून फोन लांबायला लागले.

"आज कितीला?"

"साडेचौदा टक्के."

"थोडं खाली या ना..."

"चहाला आलात तर बघू."

"मागच्या वेळी आले होते. दर हलला नाही."

"म्हणून तर पुन्हा बोलावतोय."

फोन ठेवल्यावरही मी उगाच हसत बसायची. आणि मग नवरोजच्या मेजवानीत आसेम भेटली. ती तिसऱ्याच, आमच्याइतक्याच लहान बँकेतली, पण पापण्या मात्र या लांब, आणि कानात लोंबती कानातली.

"दौरेन मला पावणेचौदाला देतो," वाटीतली सणाची आंबट पेज, नवरोज-कोजे, ढवळत ती म्हणाली. "बिचाऱ्याला मला नाही म्हणताच येत नाही."

माझा नुसता जळफळाट झाला. लोक फुलांवरून जळतात, नजरेवरून जळतात. मी पाऊण टक्क्यावरून जळले. मला चहा पाजून साडेचौदा, आणि हिला?

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केलाच नाही. भलत्याच बँकेकडून पंधरानं पैसे उचलले. आमच्या प्रमुख राउशान आपाय चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"दौरेनकडे साडेचौदानं मिळत होते ना गं?"

"हो, आपाय."

"पोरी, रुसायचं तर रुस. पण बँकेच्या खर्चानं कशाला?"

संध्याकाळी दौरेन आमच्या बँकेच्या दारातच उभा होता, बोडका, केस भिजलेले.

"आज फोन नाही आला तुमचा."

"आसेमला करा की. तिला पावणेचौदा, मला साडेचौदा. कळतं मला सगळं."

तो चक्क हसायला लागला. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

"ती तारण ठेवते हे नाही सांगितलं तिनं? सरकारी रोखे. पैसे बुडवले तर रोखे माझ्या हातात. म्हणून स्वस्त. तुमच्याकडून काय ठेवून घेतो मी?"

नव्यानं लागलेली पोरगीसुद्धा दराआधी तारणाचं विचारते. मी मत्सरात तेवढंही विचारलं नव्हतं.

"काहीच नाही," मी पुटपुटले.

"नुसत्या शब्दावर देतो. आमचे साहेब रोज ओरडतात, त्या चिमुकल्या बँकेला विनातारण कशाला? मी सांगतो, ती पक्कं म्हणाली ना, मग झालं."

माझे कान गरम झाले. तरी राहवेना.

"आणि तिला चहाला नेलंत?"

"नाही."

"एकदाही?"

"तिचे रोखे आहेत ना माझ्याकडे. चहा कशाला?" मग त्याचा आवाज उतरला. "तोरगिन... हे रोज सकाळी हिशेब मिटवून मोकळं व्हायचं... मला नको झालंय. तुझं काय?"

पहिल्यांदा 'तू' म्हणाला. मला हवंहवंसं वाटलं, पण आसेमच्या त्या पापण्या काही डोळ्यांपुढून हलेनात.

"मी तुझ्यासारखी भोळी नाही," मी म्हणाले. "मला तारण लागेल."

"रविवारी आई येईल तुमच्याकडे चहाला... कानातली घेऊन."

मुलाच्या आईनं मुलीच्या कानात स्वतःच्या हातानं कानातली घातली की ठरलं, हे आमच्याकडे लहान पोरांनाही कळतं. माझा हात आपोआप कानाकडे गेला.

"आसेमच्या कानातल्यांपेक्षा चांगली हवीत."

"आईची स्वतःची आहेत. तिला तिच्या सासूनं घातलेली."

एवढं बोलून तो थांबला, फोनवर थांबायचा तसाच. समोरून तो शब्द आल्याशिवाय काहीच ठरत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

मी त्याला थोडं ताटकळू दिलं. पाऊण टक्क्याची वसुली बाकी होती.

"पक्कं," मी म्हणाले.