शंभराच्या पुढे न जाणारं पाणी

दोन पातेली, दोन शेगड्या, दोन्हींत पाणी खदखदतंय, त्यात बटाटे. एका शेगडीची आच नऊवर, दुसरीची दोनवर. कुठले बटाटे आधी शिजतील? हसू नका, तेजललाही हे कोडं सोपंच वाटलं होतं. म्हणून तर ती तोंडघशी पडली.

झालं असं. साल २०६१, गाव अलिबाग. तेजलकडे तीन मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. कराडला वसतिगृहाची मेस चालवणारी कुमुदआत्या महिनाभर राहायला आली होती आणि पाणी उकळताच शेगडी नऊवरून दोनवर आणत होती.

"आमची आत्या ना, एक नंबरची चिक्कू!" तेजल ठसक्यात म्हणाली. "विजेचे चार पैसे वाचवायला आम्हाला कच्चे बटाटे घालते."

मैत्रिणी खिदळल्या. दारात आत्या ताटं घेऊन उभी होती. तिने ताटं मांडली. सकाळी मात्र तिने बॅग भरायला घेतली. "रविवारी निघते हं," एवढंच म्हणाली.

खरं तर बटाटे कच्चे नव्हतेच. तेजलनेच दोनदा मागून घेतले होते. हे तिला राहून राहून टोचत होतं.

शनिवारी तिने भोपळ्याला गाठलं. भोपळ्या म्हणजे घरचा स्वयंपाकी यंत्रमानव, पोटाने गोल आणि तोंडाने फटकळ.

"बारीक आचेवर उशीर लागतोच ना रे?"

"मोजून बघ की."

त्याने दोन पातेल्यांत पाणी उकळून बटाटे टाकले, एकाची आच दोनवर आणली आणि दोन्हींत तापमापक सोडले. नऊवर शंभर अंश. दोनवरही शंभर!

"एक बिघडलाय!"

"मग अदलाबदल कर."

केली. तरी शंभरच.

"हा पाण्याचा उत्कलनबिंदू (उकळण्याचं तापमान)," भोपळ्या म्हणाला. "उघड्या पातेल्यात पाणी त्यापुढे तापत नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. ती तापमापकाला दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता (लपलेली उष्णता) म्हणतात. बटाट्याला शेगडीचा आकडा कुठे कळतो? त्याला कळतं भोवतीचं पाणी, आणि ते दोन्हीकडे सारखंच."

"मग नऊवरची जास्तीची वीज?"

"वाफ होऊन खिडकीतून गेली. बिल मात्र घरी येणार."

वीस मिनिटांनी दोन्हीकडच्या बटाट्यांत सुरी अलगद शिरली. तेजलचे कान तापले. मान वर होईना.

"मी आत्ताच आत्याची माफी मागते," ती पुटपुटली.

"बोललीस चारचौघींत, आणि माफी कोपऱ्यात होय?"

रविवारी सकाळी त्याच तीन मैत्रिणी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. तेजलने त्यांना पुन्हा उकळत ठेवलेल्या दोन्ही पातेल्यांतले शंभरावरचे तापमापक दाखवले.

"परवा मी खोटं बोलले," ती कशीबशी म्हणाली. "बटाटे छान शिजले होते. तुम्हाला हसवायला मी आत्याला नावं ठेवली."

कुणीच हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

दारात आत्या होती, हातात बॅग. तिने पातेल्याकडे पाहिलं.

"झाकण कुठंय गं? उघड्यावर का उकळतेयस? झाकण ठेवलं की आच एकवर भागते."

तेजलने खाली मान घालूनच झाकण ठेवलं, आच एकवर आणली. पण डोक्यात किडा वळवळलाच.

"आत्या, कुकरमध्ये तर वाफ कोंडलेली असते. तिथलं पाणीही शंभरावरच थांबतं?"

आत्याने बॅग तिच्या हातात दिली.

"ही आधी आत नेऊन ठेव. आणि भोपळ्या, कुकर काढ."